मेटॅलिकाला जाताना फराळ

२८ ऑक्टोबर २०११, भाऊबीज. जयसिंगपूरला ताईच्या घरी मी आणि मामेभाऊ शेजारीशेजारी पाटावर बसलेलो. त्याला सख्खी बहीण नाही, त्यामुळे दरवर्षी ताईच दोघांना ओवाळते. ती माझ्या कपाळाला कुंकू लावत होती तेव्हा खिशातला मोबाइल तीनदा थरथरला. ओवाळून घेताना मोबाइल बाहेर काढायचा नसतो एवढी अक्कल मला होती. मामेभावाला नव्हती. त्यानं निरांजनाच्या उजेडात मेसेज वाचला आणि त्याचा चेहराच उतरला.

ताईच्या हातातलं तबक तसंच राहिलं. "कोण गेलं रे?"

कोणी गेलं नव्हतं. मेटॅलिका हा आमचा लाडका अमेरिकन हेवी मेटल बँड पहिल्यांदाच भारतात आला होता. कार्यक्रम दोनच, शुक्रवारी गुडगावला आणि रविवारी बंगलोरला. आमची तिकिटं रविवारची होती, आणि मेसेज सांगत होता की गुडगावचा कार्यक्रम आज होत नाही, उद्यावर ढकललाय. मिरजेला घरी परत आलो. पुढं तर तो रद्दच झाला. टीव्हीवर बातम्यांच्या पट्टीत आलं की चिडलेल्या लोकांनी स्टेज मोडलं. मी जेवलो नाही. आईला वाटलं ताईकडे जास्त झालं असेल.

लांबून आलेल्या माणसाचा राग मला कळतो. रजा काढून, पैसे साठवून, दोन रात्री गाडीत बसून यायचं आणि फाटकातूनच माघारी फिरायचं, यावर डोकं फिरणारच. पण ज्या फळ्यांवर ते चौघे उभे राहणार होते त्याच फळ्या आपण उचकटायच्या हे मात्र माझ्या पचनी पडलं नाही. अजूनही पडत नाही. मामेभाऊ म्हणाला, "दादा, तू तिथं असतास तर?" मी म्हटलं, मी तिथं असतो तर बहुतेक रडलो असतो.

निघताना ताई एवढंच म्हणाली होती की ओवाळणीत या वर्षी एवढीच नोट का, ते आत्ता कळलं.

खरं होतं ते. मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. वय चोवीस. तिकीट, गाडीभाडं, लॉज मिळून पगाराचा जवळजवळ निम्मा भाग गेला होता. तिकीट काढायला माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. ते ऑफिसातल्या एका साहेबांच्या कार्डावर काढलं आणि त्यांना रोख पैसे मोजून दिले. साहेबांनी विचारलं, "हे भजनाचं आहे का?" मी हो म्हटलं. पूर्ण खोटं नव्हतं.

मिरजेच्या माणसानं गाणं ऐकायला बाहेरगावी जाणं हा तसा उलटा प्रकार आहे. गाण्यासाठी लोक आमच्याकडे येतात. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीत सभा होते. चिंचेच्या झाडाखाली बैठक, समोर सतरंज्या. मोठमोठे गाणारे येऊन हजेरी लावून जातात, आणि ऐकणारे धारवाडपासून मुंबईपर्यंतचे असतात. कुणी खांबाला टेकलेला, कुणी घोंगडी अंगावर ओढून बसलेला, चप्पल उशाखाली. बाबा मला सहाव्या वर्षापासून तिथं घेऊन जायचे. मी बहुतेक वेळा त्यांच्या मांडीवर झोपून जायचो. पण पहाटे जाग यायची तेव्हा कुणीतरी भैरवीपर्यंत आलेलं असायचं, आणि बाबांचा हात माझ्या पाठीवर ठेका धरत असायचा. तो ठेका अजून पाठीला आठवतो.

अशा घरात मेटॅलिका शिरली ती हॉस्टेलमध्ये मिळालेल्या एका एमपीथ्री सीडीमधून. सीडीवर पेननं नुसतं 'मेटल – सगळं' असं लिहिलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं सीडी खराब आहे. तिसऱ्या दिवशी मी मित्राच्या कॉम्प्युटरसमोरून उठेना. बाबांनी सुट्टीत एकदा माझ्या खोलीच्या दाराशी उभं राहून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "दिवसभर फाउंड्रीत हेच ऐकणार आहेस की पुढं. आत्तापासून कशाला?" तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्यांचं भाकीत खरं ठरलं.

तर बंगलोरला जायचं म्हणून परवानगी काढायला त्यांच्यासमोर बसलो. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलानं परवानगी काढायची नसते, पण आमच्याकडे काढतात. बाबा रेल्वेत होते, मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात, आणि निवृत्तीनंतरही गाड्यांची वेळापत्रकं त्यांच्या तोंडात असायची. त्यांनी आधी किती तास गातात ते विचारलं.

"दोन-सव्वादोन तास."

"दोन तासांसाठी जवळजवळ साडेसातशे किलोमीटर?" मग बराच वेळ गप्प बसले. "भीमसेन अकरा वर्षांचा असताना गदगहून पळाला. गाणं शिकायला. खिशात पैसे नाहीत, गाडीत बिनतिकीट. तू निदान तिकीट काढून चाललायस."

भीमसेन जोशी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. बाबांच्या बोलण्यात ते वर्षभर येत राहिले. तसेच खाँसाहेबही, कारण ऑक्टोबर त्यांचा महिना. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले असताना वाटेत त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं, सिंगपेरुमालकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, आणि फलाटावरच गेले. २७ ऑक्टोबर १९३७. ही गोष्ट बाबा दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी 'फलाटावर' या शब्दाशी थांबतात. रेल्वेच्या माणसाला तो शब्द वेगळा लागत असावा.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांना क्लिफ बर्टनबद्दल सांगितलं. मेटॅलिकाचा आधीचा बेस वाजवणारा. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये एका कार्यक्रमाहून दुसऱ्या कार्यक्रमाला जाताना पहाटे बस उलटली, आणि तो तिथंच गेला. मी जन्मायच्या आधीची गोष्ट.

"किती वर्षांचा होता?"

"चोवीस."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "राणी चन्नम्मानं जा," म्हणाले. "दुपारी बसलास की सकाळी बंगलोर. वेटिंग असलं तरी काढून ठेव, दिवाळीत चार्टला हलतं."

वेटिंग ४३ आणि ४४ होतं.

मधल्या दोन-तीन महिन्यांत मामेभावानं एकच गोष्ट लावून धरली. त्याच्या गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, झिजला होता, तारा खाली बसून झणझणायच्या, आणि तो म्हणत होता की मेटॅलिका बघायच्या आधी ही नीट झाली पाहिजे. गिटार काही आम्ही बंगलोरला नेणार नव्हतो. पण वारीला जाण्याआधी घर सारवतात तसलं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. सांगलीतल्या दुकानदारानं नट मुंबईहून मागवावा लागेल म्हणून सांगितलं. मग आम्ही ती काळी इलेक्ट्रिक गिटार घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो.

मिरजेच्या या गल्लीत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले असतात, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. कारागीर चाचांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, वजन बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "भोपळा न्हाई, पोकळी न्हाई. आवाज कुठनं येतो?"

"वायरीतनं."

त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. मग पडद्यांवरून नखं फिरवली. सतारीचे पडदे बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. हे ठोकून बसवलेले बघून चाचा म्हणाले, "पडदे हलत न्हाईत? मग राग बदलला की काय करता?"

मामेभाऊ म्हणाला, "चाचा, आमच्यात राग एकच असतो."

चाचा हसले नाहीत. आधी हाडाच्या पट्टीचा एक तुकडा काढला, पकडीत धरला, आणि कानशीनं घासायला लागले. सहा खाचा. प्रत्येक खाच पाडली की तार बसवायची, छेडायची, कान जवळ नेऊन ऐकायचं, तार काढायची, परत दोनदा कानस. जाड तारेला खाच थोडी तिरकी केली, म्हणजे तार मागच्या बाजूला दबणार नाही. जवारी काढताना, म्हणजे सतारीची घोडी घासून आवाज खुलवताना, जसा कान लावतात तसाच लावत होते. फरक एवढाच की इथं तारेची झार मारायची होती आणि तिथं ती जिवंत करायची असते. पाऊण तास गेला. शेवटची खाच झाल्यावर गिटार मामेभावाच्या हातात दिली आणि मग हसले. "राग एकच, म्हणे."

पैसे किती म्हटल्यावर म्हणाले, हे आमचं काम न्हाई, ह्याचे काय घ्यायचे. मामेभावानं बळंच शंभराची नोट भुशात ठेवली.

शनिवारी २९ तारखेला दुपारी मिरजेहून निघालो. बाबा स्टेशनवर आले होते. चार्ट लागला, वेटिंग हललं होतं, पण पूर्ण नाही. आरएसी. म्हणजे दोघांत मिळून एक साइड लोअर, रात्रभर एकमेकांच्या पायांशी बोलत बसायचं. बाबांनी टीसीला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण टीसी नवा होता आणि त्यानं ओळख दिली नाही. बाबांना ते लागलं, मला दिसलं. गाडी सुटताना आईनं खिडकीतून डबा आत दिला.

या डब्याबद्दल सांगायला पाहिजे. स्टीलचा, उभा, दीडेक किलो मावेल एवढा. झाकणावर आजीचं नाव आणि '१९७४' असं कोरलेलं. आत चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू, आणि वर कागदात गुंडाळून करंज्या. आई म्हणाली, "रोज थोडं खा. आणि डबा आण परत."

घटप्रभेपर्यंत आम्ही चकल्या निम्म्या केल्या. बेळगावला अंधार पडला. त्यानंतर लोंढ्याकडे गाडी झाडीत शिरली आणि खिडकीतून येणारी हवा एकदम ओली झाली. धारवाडला पेढ्याचे बॉक्स घेऊन पोरं पळत होती. इअरफोन एकच जोड, एक कान त्याचा एक माझा. रविवारी कोणती गाणी वाजवतील याच्या याद्या करत राहिलो. मी पैज लावली की सुरुवात 'क्रीपिंग डेथ'नं होणार. समोरच्या बाकावरच्या एका धारवाडच्या काकांनी उतरण्याआधी विचारलं, कुठं चाललाय. गाणं ऐकायला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "कोण गाणार आहे?" मामेभावानं इअरफोन त्यांच्या कानाला लावला. काकांनी तो शांतपणे काढून परत दिला आणि म्हणाले, "जाऊन या हं."

बंगलोर स्टेशनवर उतरलो तेव्हा फलाटावरच काळ्या टीशर्टांची रांग दिसली. ज्या गाडीतून बघावं त्यातून काळे टीशर्ट उतरत होते. मिरजेत मेटॅलिका ऐकणारे आम्ही मोजून पाच जण होतो, आणि त्यातल्या दोघांना मी थोडा संशयाने बघायचो. इथं चहाच्या गाडीवर पुढचे-मागचे सगळे तेच. मला त्या क्षणी, खरं सांगतो, किंचित वाईटही वाटलं. इतकी वर्षं जे आपलं एकट्याचं होतं ते एवढ्या जणांचं निघालं.

स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिक भागातल्या लॉजवर आंघोळ करून दुपारी बाराच्या आत कार्यक्रमाचं मैदान, पॅलेस ग्राउंड्स गाठलं. रांग आधीच लांब गेलेली. पावसानं मैदानाचा पुरता राडा झालेला होता. लाल माती आणि पाणी, आणि त्यावर हजारो पाय. डबा पिशवीत माझ्याजवळच होता. लॉजवर का ठेवला नाही? कारण दुपारचं जेवण तोच होता.

रांगेत आमच्या पुढं गुवाहाटीचे तिघे होते. तीन दिवस प्रवास करून आलेले. मागं दोघे दिल्लीवाले. हे गुडगावला फाटकातून परतले होते आणि शनिवारी मिळेल त्या विमानानं बंगलोरला आले होते. तिकिटं कुणाकडून तरी जास्त पैसे मोजून घेतलेली. त्यांच्यातला एक जण अजिबात बोलत नव्हता. दुसरा म्हणाला, तो स्टेज मोडणाऱ्यांत होता, आता त्याला त्याचंच वाईट वाटतंय. खरं-खोटं देव जाणे. मी त्याला लाडू दिला. त्यानं खाल्ला.

तपासणीला पोचलो तेव्हा गार्डनं डब्यावर टिचकी मारली आणि मान हलवली. स्टील आत नाही. मी उघडून दाखवला, वास दिला, दिवाळी आहे म्हटलं. मग त्यानं एक चकली उचलली, "चक्कुली," म्हणाला, खाल्ली, आणि परत मान हलवली. रांगेतले लोक ओरडायला लागले. तिथंच उभ्याउभ्या आम्ही फराळ वाटून टाकला. गुवाहाटीच्या मुलांनी करंज्या, दिल्लीवाल्यांनी लाडू, चेन्नईच्या एका मुलीनं चिवडा ओढणीत घेतला. एका स्वयंसेवकानं पण हात पुढं केला. दोन मिनिटांत डबा रिकामा. पण रिकामाही आत नेता येईना. रस्त्याच्या कडेला एक शहाळेवाला होता. त्याला हातवाऱ्यांनी सांगितलं, रात्री येतो. त्यानं डबा गाड्याखाली शहाळ्यांच्या ढिगात ठेवला आणि अंगठा वर केला. पाच-सहा पावलं गेल्यावर मी वळून बघितलं. झाकण चमकत होतं.

आत शिरल्यावरचे चार-पाच तास मी थोडक्यात सांगतो, कारण ते नुसते उभं राहण्याचे होते. बसायला जागा नाही, बसलात तर चिखलात. पाणी महाग, मुतारीची रांग पाणीवाल्याच्या रांगेत मिसळलेली. बंगलोरच्याच इनर सँक्टमनं सुरुवातीला वाजवलं आणि गावच्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. स्कॉटलंडचे बिफी क्लायरो चांगले वाजवत होते, पण त्यांच्या नशिबी चुकीचा दिवस आला. लोकांचे डोळे त्यांच्या मागच्या झाकलेल्या ड्रमवर होते. दर्ग्यात मोठ्या गवयाच्या आधी गाणाऱ्या मुलाचं असंच होतं. मी टाळ्या वाजवल्या. सवयीनं.

मग दिवे गेले.

मेटॅलिका स्टेजवर येण्याआधी पडद्यावर नेहमी एका जुन्या वेस्टर्न सिनेमातला प्रसंग आणि एन्निओ मोरिकोनेचं संगीत लावतात. स्मशानात एक माणूस कबरी शोधत गोलगोल पळत सुटतो, आणि वरून एका बाईचा आवाज चढत जातो. हे मी कॉम्प्युटरवर किती वेळा बघितलं असेल सांगता येत नाही. तिथं मैदानात ते सुरू झालं आणि हजारो माणसं तो सूर गायला लागली. शब्दच नाहीत त्याला, नुसता आकार. माझ्या शेजारी तो न बोलणारा दिल्लीवाला डोळे मिटून गात होता, बेसूर. मी मामेभावाकडे बघितलं नाही. त्यानंही माझ्याकडे बघितलं नाही.

'क्रीपिंग डेथ'च. पैज मी जिंकलो, पण ते त्याला सांगायलासुद्धा आवाज पोचत नव्हता.

एक गोष्ट घरी बसून कधीच कळली नसती. लार्स उलरिकचा पायातला ड्रम कानानं ऐकू येतच नाही. तो आधी पोटात येतो, बरगड्यांच्या खाली, आणि मग कानाला कळतं की आत्ता काहीतरी वाजलं. पहिली दोन मिनिटं मी घाबरलो होतो. फाउंड्रीत मोल्ड हलवणाऱ्या यंत्राजवळ उभं राहिलं की दातांत जे कंप येतात तेच, फक्त हे तालात. सात वर्षं इअरफोनमधून मी जे ऐकलं तो नुसता नकाशा होता.

दुसरं गाणं 'फॉर हूम द बेल टोल्स'. त्याची सुरुवात बेसवर आहे, आणि ती बर्टनची आहे. आता रॉबर्ट ट्रुहियो वाजवतो, जवळजवळ गुडघ्यात वाकून, खेकड्यासारखा चालत. त्यानं ती वाजवायला घेतली आणि मला बाबांचा चष्मा पुसणारा हात आठवला. का ते सांगता येणार नाही.

याच गाण्यात माझा उजवा बूट गेला. सगळे एकदम उड्या मारत होते. मी वर गेलो, खाली आलो, पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला, पुन्हा वर गेलो तेव्हा पाय आला, बूट आला नाही. वाकून शोधणं शक्यच नव्हतं. वाकलो असतो तर मीच गेलो असतो. एका पायात बूट, एका पायात मोजा. पाचेक मिनिटांनी मोजाही गेला. थंडगार चिखल बोटांमधून वर येत होता. उरलेला सगळा कार्यक्रम मी तसाच ऐकला, आणि एकदा सवय झाल्यावर वाटलं दुसराही बूट काढावा. जमिनीतून येणारा ठोका अनवाण्या पायाला जास्त स्वच्छ लागत होता.

'वन' सुरू व्हायच्या आधी पूर्ण अंधार करून बंदुकांचे आवाज आणि स्फोट होतात. ज्वाळा एवढ्या उठल्या की चेहऱ्याला धग लागली, आणि त्या उजेडात मागं वळून बघितलं तर नजर पोचेल तिथवर चिखलानं माखलेले चेहरे, सगळ्यांची तोंडं उघडी. गुडगावच्या बातम्यांनंतर आपल्याकडच्या गर्दीबद्दल बरंच काही बोललं गेलं. माझ्या पुढ्यात एक जण पडला तर चार हातांनी त्याला उचललं, त्याचा चष्मा शोधून पुसून परत दिला, आणि ढकलाढकली पुढं चालू झाली. एवढं मी बघितलंय.

'मास्टर ऑफ पपेट्स'च्या मधल्या संथ भागात गिटारची धून गर्दीनं गाऊन काढली. तिथं मामेभाऊ हवेत बोटं चालवत होता. बरोबर चालवत होता. गाणारा जेम्स हेटफिल्ड गर्दीकडे बघून हसला. तो आमच्याकडेच बघून हसला असं मामेभावाचं म्हणणं आहे. आमच्या आणि त्याच्यामध्ये निदान दोन-तीन हजार माणसं होती. मी वाद घालत नाही.

शेवटी 'सीक अँड डिस्ट्रॉय' झालं, सगळे दिवे लागले, आणि एकाएकी पाय दुखायला लागले. फाटकाबाहेर शहाळेवाला नव्हता. गाडा नव्हता. डबा नव्हता. आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ हिंडलो. रिकामी शहाळी तेवढी होती ढीगभर. रिक्षावाले मीटर या शब्दावरच निघून जात होते. शेवटी चालत मॅजेस्टिक. एक पाय अनवाणी, कानात सलग शिट्टी. मामेभाऊ काहीतरी बोलत होता. मी "काय?" म्हणायचो, मग तो "काय?" म्हणायचा.

सोमवारी सकाळी परत पॅलेस ग्राउंड्सला गेलो, खास डब्यासाठी. शहाळेवाला आलाच नाही. आसपास विचारलं, भाषेचं जमेना. स्टेजचे लोखंडी खांब उतरवायचं काम चालू होतं. रात्रीची गाडी होती, दिवस मोकळा. मग बाटाची चप्पल घेतली आणि नवी कोरी मेट्रो बघायला गेलो. तिचा पहिला टप्पा, बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड, सुरू होऊन अकराच दिवस झाले होते. लोक मुलाबाळांना घेऊन नुसते फेऱ्या मारत होते, नटूनथटून. चिखलाचे टीशर्ट घातलेले आम्ही दोघे त्यांच्यात उभे. माझ्याकडे दुसरा टीशर्ट होता, पण मी तो घातला नाही.

या हट्टाची गंमत मंगळवारी झाली. मंगळवार म्हणजे १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव. सकाळी जाग आली तेव्हा स्टेशनांवर लाल-पिवळे झेंडे लागलेले. आणि बेळगावात हा काळा दिवस. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना होऊन बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून तिथले मराठी लोक या दिवशी काळे कपडे घालून, दंडाला काळ्या फिती बांधून सायकल फेरी काढतात. आम्ही हे साफ विसरलो होतो. बेळगावला चहा प्यायला फलाटावर उतरलो. चहावाल्याजवळ दंडाला काळी फीत लावलेले एक साठीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दोन तरणी पोरं, काळे टीशर्ट, छातीवर रागीट अक्षरं, अंगभर वाळलेला चिखल, डोळे लाल.

"कुठल्या गावचे?"

"मिरजेचे."

"फेरीला आलात?" त्यांचा आवाज भरून आला. "मिरजेहून पोरं आली."

मामेभाऊ तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. गृहस्थांनी आमच्या चहाचे पैसे दिले, पाठीवर थाप मारली. गाडीनं शिट्टी दिली तशी आम्ही धावत डब्यात चढलो. ते फलाटावर उभे राहून गोंधळून बघत राहिले. आजही मला त्याची लाज वाटते. चहा प्यायला नको होता.

घरी पोचलो दुपारी. बाबा व्हरांड्यात बसले होते. "झालं?" म्हणाले. मी म्हटलं झालं. कानांतली शिट्टी अजून चालू होती. त्यांनी विचारलं सुरात होते का. मी म्हटलं, ड्रम थोडा पुढं पळत होता मधेमधे. ते खूश झाले. "म्हणजे ऐकलंस." मग मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं त्यांना ऐकवलं. फोन साधा, त्यात नुसती घरघर आणि लोकांचा आरडाओरडा. त्यांनी फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "बाजूचा कोण आहे हा? फार बेसूर गातोय."

"दिल्लीचा आहे."

"गाऊ दे."

आई आतून आली. पाय बघितले नाहीत, टीशर्ट बघितला नाही. पिशवी हातात घेतली, आत हात घातला, तळापर्यंत चाचपून बघितलं.

"डबा?"

त्यानंतर मी दिल्लीला गेलोय, एकदा अबू धाबीला जाऊन आलोय, दर वेळी कुठल्या ना कुठल्या बँडच्याच मागे. आई दर वेळी फराळ देते. आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात.